बुधरामची चाल

कारधा,
४ नोव्हेंबर १९७९

चि. भैय्यालाल,

तुले आशीर्वाद. दिवाळी होऊन गेली तरी तुहं पत्र नाही, म्हणून शेवटी मीच बसली लिहायले. बालवाडीतल्या पोरांपुढं मी पुस्तकातली भाषा बोलते, पण मावसभावाले लिहिताना ते सोंग माह्याच्यानं होत नाही.

काम असं आहे. आपल्या धाकट्या बहिणीले, रुखमिणीले, दिघोरीवरून सोयरीक आली. पोट्ट्याचं नाव बुधराम. घरचे लोक तलावात मासे मारतात, आपल्यासारखेच, अन् थोड्या धानाच्या बांध्या आहेत. बायजाबाईनं सोयरीक आणली. तिच्या बोलण्यातलं अर्धं सोडून द्यावं लागते हे तुले माहीत आहे. ती म्हणते पोट्टा तुह्याच खाणीत ड्रेसर आहे. हे ऐकल्यापासून आपले बाबा हवेत आहेत. दवाखान्यातला जवाई भेटून राहिला, आता गुडघ्याले पट्टी घरच्या घरी, असं नदीवरच्या प्रत्येक डोंगेवाल्याले सांगून झालं.

पोट्टा कसा आहे, पितो का, कोणासंग उठतो-बसतो, सगळं खरं लिही. रुखमिणी काही बोलत नाही. पण ती एकदा नाही म्हणाली की मग ब्रह्मदेवाचंबी चालत नाही, म्हणून आधीच विचारून राहिली.

तुही,
कुंताबाई

*

चांद्याकडून,
१५ नोव्हेंबर १९७९

ती. कुंताबाई,

पाया पडतो. पत्र भेटलं. मावसाजीले सांग, त्यायच्या गुडघ्यासाठी इकडून तेल पाठवतो.

बुधरामले मी चांगला ओळखतो. माह्याच पाळीत आहे, माह्याच हाताखाली. दारू नाही, पत्ते नाही, शिवीगाळ नाही. स्वतः रांधून खाते, अन् वांग्याची भाजी त अशी करते की आमच्या घरची जळून तोंड वाकडं करते. नोकरी पक्की. रुखमिणीले शोभून दिसन.

आता जे आहे ते स्पष्ट लिहितो, नाही त मागून म्हणशीन भैय्यानं लपवलं. बुधरामकडची चाल सध्या खराब आहे. पावसाळ्यापासूनच बिघडली. मागल्या हप्त्यात पडता पडता राहिली. साहेबानं नजर ठेवायले सांगितलं आहे, मी स्वतः रोज जाऊन ठोकून पाहतो. पण घाबरायचं काम नाही. नीट आधार भेटला की कशीबी चाल सुधारते, हा माहा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

पोट्ट्यात एक लहानशी खोड आहे. ती लिहिण्यासारखी नाही, भेटीत सांगन.

तुहा भाऊ,
भैय्यालाल

*

कारधा,
२४ नोव्हेंबर १९७९

भैय्यालाल,

तुले काही अक्कल आहे का रे? तुहं पत्र मी बाबांपुढं मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता थांबावं हेबी सुचलं नाही, कारण पुढं तू काय लिहिलं असशीन याचा मले काय पत्ता. चाल खराब! अन् ते तू असं लिहितोस जसं एखाद्याले सर्दी झाली. बाबांनी काठी आपटली अन् म्हणाले, दवाखाना म्हटला की नर्सा आल्याच, तरी मले शंका होतीच. ही पडता पडता राहिली ती कोण बाई? तिच्या घरचे लोक गप कसे बसले? साहेबाले नजर ठेवावी लागते अन् तुले ठोकावं लागते, असा माणूस आमच्या पोरीच्या गळ्यात बांधून राहिला तू? अन् आधार म्हणजे कोण? आमची रुखमिणी का? तिनं का गावातल्या बिघडल्या पोट्ट्यायले सुधारायचा ठेका घेतला आहे?

वर पुन्हा लिहिण्यासारखी नाही अशी एक खोड. मी रात्रंदिवस तेच डोक्यात घेऊन फिरून राहिली. लिहिण्यासारखं जे होतं तेच जर असं, त न लिहिलेलं काय असन?

बायजाबाई काल आली होती. तिले पाहून बाबा घरात जाऊन पांघरूण घेऊन झोपले. रुखमिणी मात्र मासे साफ करता करता हसून राहिली होती. मी विचारलं काहून हसतेस, त म्हणते, "भैय्याभाऊ एवढ्या खुशीनं कोणाची बदनामी करन असं मले वाटत नाही, पुन्हा एकदा विचार." म्हणून विचारून राहिली. नीट उत्तर दे.

कुंताबाई

*

चांद्याकडून,
३ डिसेंबर १९७९

ती. कुंताबाई,

पाळीवरून आलो, अंगावरची कोळशाची धूळबी धुतली नव्हती, अन् तुहं पत्र वाचलं. इतका हसलो की आमच्या घरची बाहेर आली, तिले वाटलं याले काही लागलं. मग तिले वाचून दाखवलं त तीबी खाली बसली.

अगं, चाल म्हणजे वागणूक नाही! खाणीत छपराले चाल म्हणतात. जुने कामगार दूरदूरच्या मुलखातून आले, हा त्यायचा शब्द, तोच आमच्या सगळ्यायच्या तोंडी बसला. चाल पडली म्हणजे डोक्यावरचा दगड खाली आला. बुधरामकडची चाल खराब म्हणजे तो जिथं काम करते तिथलं छप्पर कच्चं आहे. मी सरदार आहे, म्हणजे माणसं आत जाण्याआधी जागा तपासायचं काम माहं, म्हणून मी रोज ठोकून पाहतो. बुधरामले नाही, छपराले. अन् आधार म्हणजे लाकडाचे टेकू. मले काय ठाऊक तुम्ही तिथं नर्सा उभ्या करसान.

ड्रेसरचीबी तीच गोठ. तो मलमपट्टीवाला नाही. आमचा ड्रेसर म्हणजे छपराचा. सुरुंग उडवल्यावर जे दगड वर अर्धवट लोंबकळत राहतात, ते लांब सब्बलनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, खाली पाडायचे, म्हणजे मागून येणाऱ्या माणसांच्या डोक्यावर ते पडत नाहीत. सब्बलनं वर ठोकलं अन् टण्ण वाजलं त छप्पर पक्कं. भद्द वाजलं त आतून सुटलं आहे असं समजायचं. तू बाजारात माठ घेताना टिचकी मारून पाहतेस, तसंच.

मावसाजीले सांग, पोट्टा गंगेसारखा स्वच्छ आहे. आता त हो म्हणा.

भैय्यालाल

*

कारधा,
१६ डिसेंबर १९७९

चि. भैय्यालाल,

तू समजत असशीन की उलगडा झाला, आता मांडव घालायचा. बाप्पा, उलटंच झालं. बाबा म्हणतात, पोट्ट्याची चाल खराब असती त मी त्याले दोन काठ्या हाणून सुधारला असता. डोंगराची चाल कोण सुधारन? आता ते दवाखान्याच्या नर्सांची आठवण काढून राहिले, म्हणतात ते बरं होतं.

बाबांचं सोड. मले मात्र तुह्या पत्रानं वेड लावलं. मी घरातले सगळे माठ ठोकून पाहिले. मग भिंती ठोकल्या. बालवाडीचा एक कोपरा भद्द वाजते, मी पोरांले तिथून उठवून दुसरीकडं बसवलं अन् सरपंचाले जाऊन सांगितलं. तो माह्याकडं कसा पाहत होता ते लिहिता येत नाही.

आता मले सांग. टेकू लाकडाचे काहून, लोखंडाचे काहून नाही? लोखंड त जास्त मजबूत. अन् ठोकून गेल्यावर, तासाभरानं छप्पर सुटलं त कसं समजते? कोणी दिवसभर वर पाहत बसते का? अंधारात काय दिसते? छप्पर पडायच्या आधी काही सांगते की एकदम येते? माह्या डोक्यात हे सगळं फिरून राहिलं, भात लावला की करपते.

रुखमिणी जाळं विणत बसली होती. मी हे प्रश्न मोठ्यानं वाचले. सगळं ऐकून घेतलं अन् म्हणाली, "माहाबी एक प्रश्न लिही. छप्पर आवाज करते तेव्हा तो काय करते, इतकंच विचार." याच्या उत्तरावर ती हो का नाही सांगणार आहे. म्हणून भैय्या, हे उत्तर सांभाळून लिही.

कुंताबाई

*

चांद्याकडून,
२८ डिसेंबर १९७९

ती. कुंताबाई,

तुले खाणीत नोकरी द्यायले पाहिजे. इतके प्रश्न तपासणीले आलेला साहेबबी विचारत नाही.

लाकूड यासाठी की लाकूड बोलते. वजन वाढलं की ते कुरकुरते, मग कडकड करते, तंतू सुटताना दिसतात. लोखंड मुक्यानं सहन करते अन् मग एकदम वाकते. म्हणून लोखंडी टेकू असले तरी मधात लाकडाचा ठेवावा असं आम्हाले वाटते. छप्पर बहुतेक वेळा सांगून येते. आधी बारीक कचरा झरते, चाळणीतून पीठ पडावं तसा. मग छोटे तुकडे. कधी कधी मात्र काहीच सांगत नाही, ते खोटं कशाले लिहू.

तासाभरानं कसं समजते विचारलंस. त्याच्यासाठी दोन युक्त्या आहेत. खालच्या जमिनीपासून छपरापर्यंत एक सरकती काठी उभी करतो, तिच्यावर खुणा असतात. छप्पर केसभर खाली बसलं तरी खूण सरकते. अन् जिथं भेग दिसते तिथं भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवून ठेवतो, दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की. दगड वाकू शकते, लाकूड दबू शकते, पण काच काही सहन करत नाही. भेग जराशी हलली की काच तडकते. टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात ते चमकून दिसते.

आता रुखमिणीचा प्रश्न. तिले सांग, निश्चिंत राहा. छप्पर आवाज करते तेव्हा बुधराम छातीचा कोट करून तिथंच उभा राहते. सगळ्यायले हाका मारते, एकेकाले बाहेर काढते, अन् सगळ्यात शेवटी स्वतः निघते. असा मर्द गडी आख्ख्या भंडारा जिल्ह्यात भेटणार नाही.

लग्नाची तारीख कळवा, मी सुट्टी टाकतो.

भैय्यालाल

*

कारधा,
१२ जानेवारी १९८०

भैय्यालाल,

रुखमिणी नाही म्हणाली.

तुहं काचेचं वाचलं तेव्हा ती जवळ सरकून बसली होती. दोनदा वाचायले लावलं. पुढं तुह्या मर्द गड्याचं आलं अन् ती उठून गेली. मी मागं गेली त नदीच्या पायऱ्यांवर उभी होती. म्हणाली, "हा नको."

मी म्हटलं, अगं पोट्टा शूर आहे, सगळ्यायले वाचवते. त ती माह्याकडं वळली. माह्या मालकाची, तुह्या भाऊजीची, गोठ तुले सांगायची गरज नाही. पुरात डोंगा घेऊन गेले, लोकांले काढलं, पुन्हा गेले, पुन्हा काढलं. सगळे काठावर आले होते. तेव्हा कोणाच्या तरी शेळ्या राहिल्या म्हणून पुन्हा गेले. मी काठावरून ओरडून राहिली होती, त्यायनं हात हलवला. मग शाल आली, हार आले, एक साहेब येऊन भाषण करून गेला, तुलारामसारखा माणूस होणे नाही म्हणे. रुखमिणी तेव्हा शाळेत जात होती. ती मले म्हणाली, "बाई, शाल पेटीत आहे अन् तू इथं आहेस. मी रोज पाहते. मले शेवटी निघणारा नको."

भैय्या, मले राग आला, तुह्या भाऊजींवर आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आला अन् मी खूप रडली. त्यायनं हात हलवायले नको होता, वळायले पाहिजे होतं.

बाबा म्हणतात शिवरात्रीच्या जत्रेत बायजाबाई भेटन, तेव्हा तिले नकार सांगून टाकू. तुह्या बुधरामले माहे आशीर्वाद सांग. माणूस चांगलाच असन, पण आमच्या घरात असा एक होऊन गेला.

कुंताबाई

*

चांद्याकडून,
५ फेब्रुवारी १९८०

ती. कुंताबाई,

तुहं पत्र भेटून बरेच दिवस झाले. उत्तर लिहायले बसत होतो अन् फाडून टाकत होतो. आता असं काही झालं की लिहिल्याशिवाय राहवत नाही. शिवरात्रीच्या आधी हे पत्र पोचलं पाहिजे.

काल आमच्या इथं छप्पर पडलं. कोणाले काही झालं नाही, आधीच सांगतो, घाबरू नको.

मी मागल्या पत्रात बुधरामच्या शौर्याचं जे लिहिलं ते सगळं खोटं होतं. तो छातीचा कोट वगैरे काही करत नाही. तो पळते. सगळ्यात आधी पळते. जरा खुट्ट वाजलं की सब्बल टाकते अन् सुटते, मागं वळूनबी पाहत नाही. खाणीत त्याले भगोडा म्हणतात. पुष्कळदा काहीच पडत नाही, मग त्याले परत यावं लागते अन् पोट्टे टाळ्या वाजवतात. हीच ती खोड, जी मी भेटीत सांगणार होतो. सरदाराच्या हाताखालचा माणूस, आपल्या घरचा जवाई होणार, अन् पळपुटा! मले लिहायची लाज वाटली. म्हणून मी त्याले तसा रंगवला. रंगवताना तुह्या घरात कोण गेलं आहे हे माह्या ध्यानातबी आलं नाही, याचं मले फार वाईट वाटते.

आता कालचं ऐक. सकाळी मी जागा तपासली. काच शाबूत, काठीची खूण जागेवर, ठोकून पाहिलं त टण्ण. माणसं आत सोडली. बुधराम दगड पाडायले लागला. त्याची सवय अशी की दोन वेळा ठोकलं की एकदा काचेकडं पाहायचं. पोट्टे चिडवतात, नवरदेव आरशात पाहते म्हणून. कालबी कोणीतरी चिडवलं, सगळे हसले. तेवढ्यात त्यानं सब्बल टाकली अन् एक शब्द न बोलता सुटला. मी मागून ओरडलो, अरे भगोड्या, काही पडलं नाही! पण खरं सांगतो बाई, मी ओरडत होतो अन् माहे पायबी पळून राहिले होते. सगळेच पळून राहिले होते. हसत हसत. बुधराम पळाला की सगळ्यायनं पळायचं, हे कधी कोणी ठरवलं नाही, पण तसंच होते. आम्ही बाहेरच्या चौकात, जिथं खाणीतल्या वाटा मिळतात तिथं, येऊन दम घेतला. एक जण त्याची नक्कल करून दाखवत होता, हात वर, गुडघे वर. मीबी हसून राहिलो होतो.

मग आलं. हवेचा असा धक्का बसला की टोप्या उडाल्या. धुळीनं दिवे दिसेनासे झाले. धूळ बसल्यावर पाहिलं त जिथं आम्ही होतो तिथं नुसता दगडांचा ढीग.

सगळे खोकून राहिले होते. बुधराम म्हणाला, माही सब्बल आत राहिली. मले काय झालं काय माहीत, मी त्याची कॉलर धरली. म्हटलं, काच तडकलेली दिसली त तोंडानं सांगून मग पळायचं, आम्ही हसत उभे राहिलो असतो त?

तो म्हणाला, "सांगत बसलो असतो त तुम्ही विचारत बसले असते, खरंच तडकली का म्हणून. मी पळालो म्हणजे सांगितलंच नं."

मी त्याची कॉलर सोडली अन् नीट करून दिली.

तिकडची जागा आता बंद केली आहे, दुसऱ्या जागी काम लावतील. तिथली चालबी कधी तरी खराब होईनच, हे मी आता लपवणार नाही. रुखमिणीले हे सगळं जसंच्या तसं वाचून दाखव. मग तिचं जे असन ते.

भैय्यालाल

*

कारधा,
१५ फेब्रुवारी १९८०

चि. भैय्यालाल,

पत्र आलं तेव्हा मी बालवाडीत होती. डाकवाल्यानं तिथंच दिलं. मी पोरांले सुट्टी देऊन घरी आली. दाराशीच वाचायले सुरुवात केली, कारण चुलीपर्यंत जायचा धीर नव्हता.

भगोडा आलं तेव्हा बाबांनी कपाळाले हात लावला. म्हणाले, भैय्यालालनं आधी बदचलन सांगितला, मग शूर सांगितला, आता पळपुटा सांगून राहिला, हा एकच पोट्टा आहे की तीन? रुखमिणीनं त्यायले गप केलं. आपल्या बाबांले! मग काच आली, आरसा आला, तुमचं हसत हसत पळणं आलं. छप्पर पडल्याचं आलं तेव्हा मी कागद रुखमिणीले दिला अन् पुढचं तिनं वाचलं. बुधरामचं ते वाक्य तिनं वाचलं अन् थांबली. पुन्हा वाचलं, मनातल्या मनात, तिचे ओठ हलून राहिले होते. मग कागद माह्या हातात दिला अन् मासे साफ करायले बसली.

बाबा म्हणाले, काय सांगायचं मग बायजाबाईले? पळपुटा जवाई चालन का? ती मासळीवरची नजर न उचलता म्हणाली, चालन.

मी आतल्या खोलीत गेली अन् पदर तोंडात धरून हसली, मग रडली. कशाचं काय होतं ते मले सांगता येत नाही. तुह्या भाऊजीले कोणी भगोडा म्हटलं असतं तरी मी त्यायच्या ताटात वाढलं असतं रे, रोज वाढलं असतं.

काल जत्रेत बायजाबाईले हो सांगितलं. वैशाखात करू. बाबांनी डोंगेवाल्यायले सांगून टाकलं की जवाई खाणीतला मोठा तपासनीस आहे. सांगू दे. मले मात्र तुले अजून पुष्कळ विचारायचं आहे, त्या सरकत्या काठीवरच्या खुणा कोण पाडते अन् काच घरच्या खिडकीचीच असते का वेगळी, ते लग्नात आलास की बसून सांग.

पाकीट बंद करणार होती, तेवढ्यात रुखमिणीनं कागद मागितला. खाली तिनं लिहिलं ते मी वाचलं नाही. म्हणजे वाचलं.

कुंताबाई

भैय्याभाऊ, त्यायले सांगा, पोट्टे हसले तरी पळणं सोडायचं नाही. इकडे कोणी हसणार नाही. — रुखमिणी